जयपूरचा पाहुणा संघ

वाचकहो, जयपूरला जाणारा प्रवासी तेथे काय पाहावयाचे ते बहुधा घरूनच ठरवून निघतो. हवामहालाचे ९५३ झरोके, जंतरमंतरातील दगडी यंत्रे, आमेरचा किल्ला, जोहरी बाजारातील रत्ने, बांधणीच्या ओढण्या आणि परततेवेळी काखोटीस मारावयाची एक हलकीशी रजई. एवढे झाले म्हणजे जयपूर पदरात पडले, असे तो समजतो. आम्हीही प्रथम तसेच समजलो होतो. परंतु आज आपणांस आम्ही जेथे नेणार आहोत, ते स्थळ प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. ते एक क्रीडांगण आहे. त्याचे नाव सवाई मानसिंह क्रीडांगण.

तेथे वाहनाने जाऊ नये, पायी जावे. जोहरी बाजार संपतो तेथे सांगानेरी दरवाजा लागतो. त्या दरवाजातून जुन्या नगराबाहेर पडले की समोर रामनिवास बाग आणि तिच्या मध्यभागी अल्बर्ट हॉल हे संग्रहालय. त्याच्या पलीकडे सवाई मानसिंह रुग्णालय. १९६८ साली डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ज्या ‘जयपूर फूट’ला जन्म दिला आणि ज्याच्यामुळे असंख्य अपंगांना पुन्हा उभे राहता आले, तो कृत्रिम पाय येथलाच. रुग्णालय मागे टाकून टोंक मार्गाने आणखी दक्षिणेस गेले म्हणजे क्रीडांगणाचे उंच दीपस्तंभ दिसू लागतात. वाट सारी कोसभराची. या कोसभराच्या वाटेवर २००८ सालच्या उन्हाळ्यात जे घडले, ते आपणांस सांगावयाचे आहे. गोष्ट एका क्रिकेट संघाच्या एका मोसमाची आहे. ज्या वाचकांना क्रिकेटचा गंध नाही, त्यांनी मात्र पान उलटू नये. कारण खेळाइतकीच ही गोष्ट एका नगराचीही आहे.

आधी नगराविषयी दोन शब्द. जयपूर हे हळूहळू वाढलेले गाव नव्हे. सवाई जयसिंह राजाने १७२७ मध्ये ते आखून वसविले. आमेरच्या डोंगरात राजधानीला जागा पुरेना, पाणी पुरेना, म्हणून त्याने खालच्या सपाटीवर सूत धरून सरळ रस्ते काढले, नऊ चौकड्या पाडल्या, भोवती तट बांधला आणि सात दरवाजे ठेवले. आखणी केली विद्याधर भट्टाचार्य या मूळच्या बंगाली गृहस्थाने. आखणी झाली, पण माणसे कोठून आणावयाची? राजाने ठिकठिकाणच्या सराफांना, जोहऱ्यांना, रंगाऱ्यांना आणि पाथरवटांना बोलावणी धाडली, जागा दिल्या, सवलती दिल्या. तेव्हा जयपूरचा आद्य नागरिक हा पाहुणाच होता. कामासाठी बोलावलेला आणि पुढे येथलाच होऊन राहिलेला. सुप्रसिद्ध गुलाबी रंगदेखील एका पाहुण्यासाठीच चढला. १८७६ मध्ये ब्रिटिश युवराज येणार म्हणून राजा रामसिंहाने नगर रंगविले, आणि पाहुणा गेल्यावरही रंग तसाच राहिला. २०१९ मध्ये युनेस्कोने या तटबंदी नगराला जागतिक वारशाचा मान दिला. ही बोलावून आणलेल्या माणसांची गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता क्रीडांगणाकडे वळू. ज्यांच्या नावाने ते उभे आहे, ते दुसरे सवाई मानसिंह हे जयपूरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज. घोड्यावरून खेळावयाच्या पोलो खेळात त्यांची कीर्ती जगभर होती आणि १९७० मध्ये इंग्लंडात पोलो खेळतानाच त्यांना मृत्यू आला. क्रीडांगणाजवळचा रामबाग राजवाडा त्यांनी १९५७ मध्ये हॉटेलासाठी खुला केला. ज्या घराण्याने पूर्वी नगरासाठी कारागीर बोलावले, त्याच्याच वंशजाने आपले घर पाहुण्यांना मोकळे करून द्यावे, हा योगायोग मोठा मौजेचा वाटतो.

राजस्थानातील क्रिकेटचा इतिहास मराठी वाचकाने थोड्या नम्रतेने वाचावा. मुंबईच्या संघाने १९५८-५९ पासून सतत १५ वर्षे रणजी करंडक जिंकला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण त्या अंतिम सामन्यांत दुसऱ्या बाजूला कोण होते, हे कितीजण सांगू शकतील? १९६०-६१ ते १९६९-७० या काळात ७ वेळा तो दुसरा संघ राजस्थानचा होता, आणि सातही वेळा मुंबईने त्याला हरविले. तो संघ काही दुबळा नव्हता. सलीम दुराणी होते, हनुमंतसिंह होते, राजसिंह डुंगरपूरकर होते. विनू मंकड आणि आपले विजय मांजरेकरही त्या काळात राजस्थानकडून खेळले. आठव्यांदा, १९७३-७४ मध्ये, अंतिम सामन्यात मुंबई नव्हती. त्या वेळी कर्नाटकाने हरविले. आपण जे विजय साजरे केले, त्यांतील प्रत्येकाचे एक दुसरे टोक जयपूर-उदयपुराकडे होते आणि तेथे माणसे मान खाली घालून घरी जात होती.

या मैदानावर मोठे प्रसंग अधूनमधून आले. १९८७ च्या फेब्रुवारीत भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील कसोटी सामना येथे झाला. सीमेवर सैन्ये समोरासमोर आलेली असताना पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया-उल-हक हा सामना पाहण्याच्या निमित्ताने जयपुरास आले. त्या सामन्याचा पहिलाच चेंडू इम्रान खानने टाकला आणि त्यावर आपले सुनील गावसकर बाद झाले. पुढे २००५ मध्ये महेंद्रसिंह धोनीने श्रीलंकेविरुद्ध नाबाद १८३ धावा येथेच केल्या. परंतु हे सारे प्रसंग इतरांचे होते. जयपूरकरांनी टाळ्या वाजवावयाच्या आणि घरी जावयाचे. ‘हा आमचा संघ’ असे म्हणण्याजोगे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते.

असे असता २००८ च्या प्रारंभी भारतीय क्रिकेट मंडळाने इंडियन प्रीमियर लीग ही साखळी स्पर्धा सुरू केली. आठ नगरांच्या किंवा प्रांतांच्या नावाने आठ संघ. प्रत्येक संघाचा मालकी हक्क लिलावाने विकलेला. खेळाडूही लिलावाने घेतलेले. सामना दर डावात २० षटकांचा, म्हणजे संध्याकाळी जेवणापूर्वी सुरू होऊन निजावयाच्या वेळी संपणारा. अकरांत परदेशी खेळाडू चारांहून अधिक नसावेत, असा नियम. आठही संघांत मुंबईची किंमत सर्वांत अधिक आली. ती ११ कोटी १९ लाख डॉलर होती. सर्वांत कमी किमतीस गेला तो जयपूरचा संघ, ६ कोटी ७० लाख डॉलरांस. त्याचे नाव ठेवले ‘राजस्थान रॉयल्स’. मालकांनी खेळाडूंच्या खरेदीतही हात आखडता घेतला होता. इतर संघांतून गांगुली, तेंडुलकर, द्रविड, धोनी अशी नावे झळकत असता राजस्थानजवळ त्या तोलाचा एकही भारतीय खेळाडू नव्हता. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच जाणत्यांनी या संघाला शेवटच्या पाटावर बसविले.

संघाचा कर्णधार आणि शिक्षक अशा दोन्ही जागा एकाच माणसास दिल्या होत्या. तो ऑस्ट्रेलियाचा शेन वॉर्न. लेगस्पिन गोलंदाजीचा हा श्रेष्ठ कलावंत ७०८ कसोटी बळी घेऊन वर्षभरापूर्वी निवृत्त झाला होता. त्याची बुद्धी सर्वांना मान्य होती, पण आपल्या देशाच्या कसोटी संघाचे नेतृत्व त्याला कधी मिळाले नाही. जे त्याला स्वदेशात लाभले नाही, ते वयाच्या ३८ व्या वर्षी जयपुरात लाभावयाचे होते.

आता त्याच्या हाताखालील मंडळी पाहा. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅम स्मिथ, ऑस्ट्रेलियाचा शेन वॉटसन, पाकिस्तानचे सोहेल तन्वीर आणि कामरान अकमल. बडोद्याचा युसुफ पठाण. भरूच जिल्ह्यातील इखर खेड्याचा मुनाफ पटेल. अलाहाबादचा मोहम्मद कैफ. १९ वर्षांच्या आतील मुलांचा विश्वचषक जिंकून नुकताच परतलेला सौराष्ट्राचा रवींद्र जडेजा; या पोरसवदा खेळाडूला वॉर्नने ‘रॉकस्टार’ असे नाव ठेवले. आणि आपल्या गोव्याचा एक ठेंगणा सलामीचा फलंदाज, स्वप्नील असनोडकर. जयपुरात जन्मलेला असा यांत शोधूनही सापडणे कठीण. राजस्थानचे नाव, पण माणसे सगळी परगावची. ‘भाड्याने आणलेल्या माणसांवर नगराने जीव का लावावा?’ हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला, आणि प्रश्न वावगा नव्हता.

पहिला सामना १९ एप्रिलला दिल्लीत झाला. राजस्थानचा संघ ९ गडी राखून हरला. जाणत्यांनी माना डोलावल्या. दोन दिवसांनी जयपुरातला पहिला सामना पंजाबविरुद्ध झाला आणि तो संघाने जिंकला. मग २४ एप्रिलला हैदराबादेत मोठी नवलाई घडली. समोर अँड्र्यू सायमंड्सने शतक ठोकून धावांचा डोंगर रचला होता. युसुफ पठाणने तडाखेबाज अर्धशतक काढून तो बराच उतरविला. शेवटच्या षटकात स्वतः वॉर्न फलंदाजीस होता आणि चेंडू सायमंड्सच्याच हाती. वॉर्नने एक चौकार आणि दोन षटकार मारून सामना संपविला. ज्याची ख्याती आयुष्यभर चेंडू वळविण्याबद्दल, त्याने तो प्रेक्षकांत भिरकावून विजय मिळवावा, हे पाहून त्याच्या हाताखालच्या तरुणांना काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी.

१ मे रोजी जयपुरात कोलकात्याविरुद्ध असनोडकरला प्रथमच संधी मिळाली. समोरची गोलंदाजी नामांकित, अंगावर पहिल्या सामन्याचा ताण. तरी त्याने ३४ चेंडूंत ६० धावा काढल्या. त्यानंतर स्मिथ आणि असनोडकर ही जोडी जमली. एक सहा फुटांहून उंच, दुसरा त्याच्या खांद्याइतका. एक आफ्रिकेच्या टोकाचा, दुसरा मांडवीच्या काठचा. गोव्याच्या या खेळाडूने ९ सामन्यांत ३११ धावा केल्या. तशा मोसमाचे भाग्य त्याला पुन्हा लाभले नाही. परंतु पणजी-म्हापशाकडील मुलांना एका उन्हाळ्यापुरती ‘आपला माणूस’ म्हणून दूरदर्शनसंचाकडे बोट दाखविता आले, हेही थोडके नव्हे.

४ मे रोजी चेन्नईविरुद्ध सोहेल तन्वीरने अवघ्या १४ धावांत ६ गडी टिपले. चुकीच्या पायावर उतरत चेंडू सोडण्याची त्याची तऱ्हा कोणालाच उमगत नव्हती. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या मैदानावर १९८७ मध्ये सीमेवरील तणाव कमी व्हावा म्हणून पाकिस्तानचे अध्यक्ष येऊन बसले, त्याच मैदानावर २१ वर्षांनी रावळपिंडीच्या एका तरुणासाठी जयपूरकर उभे राहून टाळ्या वाजवीत होते. तो बळी घेतो तो आपला विजय, असे त्यांना वाटत होते. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि पुढील मोसमापासून पाकिस्तानातून खेळाडू या स्पर्धेत येईनासे झाले. तन्वीरचा तो एकच मोसम.

११ मे, रविवार. पहिल्या सामन्यात ज्या दिल्लीने धूळ चारली होती, तिला राजस्थानने जयपुरात हरविले. घरच्या मैदानावरील हा पाचवा सामना आणि पाचवा विजय. बाजारातील दुकानांवर निळी निशाणे लागली असतील, लस्सीच्या दुकानापुढे कुल्हड हातात घेऊन माणसे वॉर्नच्या डावपेचांवर वाद घालीत असतील, असे चित्र कोणीही रंगवावे. दोनच दिवसांनी ते फाटले.

१३ मे, मंगळवार. मंगळवार हा मारुतीचा वार. राजस्थानात या वारी मारुतीच्या देवळांत मोठी गर्दी असते. संध्याकाळी सातनंतर जुन्या नगरात एकामागून एक बाँबस्फोट झाले. चांदपोल दरवाजाजवळील मारुतीचे देऊळ, त्रिपोलिया बाजार, छोटी चौपड, बडी चौपड, जोहरी बाजार आणि सांगानेरी दरवाजाजवळचे मारुतीचे देऊळ. बाँब सायकलींवर ठेवलेले होते. सायकल म्हणजे गरिबाचे वाहन. बाजारात भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीकडे कोण संशयाने पाहणार? ७० हून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत देवदर्शनास आलेली होती, भाजी घेऊन घरी निघालेली होती, दिवसाचा गल्ला मोजीत बसलेली होती. जखमींना ज्या सवाई मानसिंह रुग्णालयात नेले, ते आपण आरंभीच वाटेत पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी तटाच्या आतील भागात संचारबंदी लागली. जयसिंहाने सूत धरून आखलेले ते रुंद, सरळ रस्ते निर्मनुष्य झाले.

आणि १७ मे, शनिवार, हा जयपुरातील पुढच्या सामन्याचा दिवस होता. अवघ्या चार दिवसांनी. प्रतिस्पर्धी बंगळूरचा संघ.

अशा वेळी काय करावे? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ होते. ज्या घरांत सुतक आहे, त्या घरांच्या नगरात रोषणाई करून चेंडूफळी खेळणे, वाद्ये वाजविणे, हे कोणाच्याही मनास बोचावे. शिवाय भीतीही होती. हजारो माणसे एका ठिकाणी बसणार. आणखी काही विपरीत घडले तर? परदेशी खेळाडूंनी ‘आम्ही घरी जातो’ असे म्हटले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांचे या नगराशी नाते कराराच्या कागदापुरते होते आणि जिवाच्या भीतीपुढे कोणता करार टिकतो? उलट बाजूने असेही म्हणता येत होते की, दारे लावून बसणे हेच तर मारेकऱ्यांना हवे होते. नगराचा दैनंदिन क्रम थांबला, म्हणजे त्यांचे काम पुरे झाले.

सामना झाला. वॉर्न होता, स्मिथ होता, वॉटसन होता, तन्वीर होता. संघ विस्कटला नाही. कडक पहाऱ्यातून, झडती देत, माणसे क्रीडांगणात आली. स्मिथने नाबाद ७५ धावा केल्या, राजस्थानने केवळ एक गडी गमावून १९७ धावा उभारल्या आणि बंगळूरला ६५ धावांनी हरविले. आकड्यांपुरते पाहिले तर साखळीतील एक एकतर्फी सामना. परंतु त्या रात्री घरी परतणाऱ्यांची वाट कोणती होती, ते पाहावे. टोंक मार्ग, मग ते रुग्णालय, मग रामनिवास बाग, सांगानेरी दरवाजा आणि त्याच्या आत जोहरी बाजार. चार दिवसांपूर्वी जेथून माणसे धावत बाहेर पडली होती, तेथेच सामन्याच्या गप्पा मारीत काही माणसे आत शिरली. मेलेली माणसे परत आली नाहीत. कोणाचेही दुःख एका धावेनेही हलके झाले नाही, आणि खेळाने ते होते असे म्हणणे हा त्या घरांचा अपमान होईल. पण नगरातील लोक पुन्हा एके ठिकाणी जमले आणि ते ज्या अकरांभोवती जमले, त्यांत एकही जयपूरचा नसला तरी तो संघ त्या दिवशी जयपूरचा होता. ‘भाड्याच्या माणसांवर जीव का लावावा’ या प्रश्नाचे उत्तर ज्याला हवे असेल, त्याने १७ मेच्या संध्याकाळकडे पाहावे. ती माणसे राहिली, म्हणून.

यापुढील हकीकत थोडक्यात सांगतो. साखळीतील १४ पैकी ११ सामने राजस्थानने जिंकले. घरच्या मैदानावरील सातही. उपांत्य सामन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्याने दिल्लीला १०५ धावांनी नमविले. अंतिम सामना १ जून रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाला. समोर धोनीचा चेन्नई संघ. चेन्नईने १६३ धावा केल्या. युसुफ पठाणने प्रथम गोलंदाजीत ३ गडी बाद केले आणि मग ५६ धावा काढल्या. तरी शेवटच्या षटकात ८ धावा हव्या होत्या आणि खेळपट्टीवर वॉर्न व तन्वीर, दोघेही गोलंदाज. शेवटच्या चेंडूवर एक धाव उरली. तन्वीरने चेंडू टोलविला, दोघे धावले आणि राजस्थान ३ गडी राखून विजयी झाले. वॉटसन ४७२ धावा व १७ बळींसह स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २२ बळींसह तन्वीर गोलंदाजांत पहिला. ज्या राजस्थानने पूर्वी मुंबईकडून ७ अंतिम सामने गमावले, त्याचे नाव धारण करणाऱ्या संघाने पहिला मोठा करंडक उचलला तो मुंबईच्या दारात.

येथे गोष्ट संपविली असती तर ती गोड झाली असती. परंतु वाचकांपासून पुढचे लपविणे योग्य नव्हे. २००९ मध्ये सार्वत्रिक निवडणुकांमुळे सारी स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत गेली. पुढे जेव्हा जेव्हा जयपूरचे मैदान मिळाले नाही, तेव्हा संघाने अहमदाबादेत घर केले. २०१३ मध्ये संघातील तीन खेळाडूंना पैसे घेऊन खेळात लबाडी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. २०१५ च्या जुलैत न्यायमूर्ती लोढा समितीने पैजेच्या प्रकरणातून या संघाला आणि चेन्नईच्या संघाला दोन वर्षांसाठी स्पर्धेबाहेर ठेवले. ज्यांनी २००८ मध्ये जीव लावला होता, त्यांना हे कसे लागले असेल! लिलावाच्या बाजारात जे जन्मते, त्याला बाजाराचे रोगही जडतात. नगराचे प्रेम संघाला मिळाले, तरी त्या प्रेमाची राखण मालकांनी आणि खेळाडूंनी रोजच्या रोज करावी लागते. ती झाली नाही. जयपूरने दोन उन्हाळे मुकाट्याने काढले. २०१८ मध्ये संघ परत आला, वॉर्नही मार्गदर्शक म्हणून आला आणि माणसे पुन्हा मैदानात आली.

दरम्यान एक चांगली गोष्ट घडली होती, आणि तिच्यात मराठी माणसाचा हात होता. राजस्थानच्या मूळ संघाने, म्हणजे रणजी करंडकात खेळणाऱ्या संघाने, २०१०-११ मध्ये बडोद्याला हरवून तो करंडक इतिहासात प्रथमच जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. दोन्ही वेळा कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. महाराष्ट्रातून त्याला बोलावून आणले होते. मुंबईने सात वेळा हिरावलेला करंडक एका पुणेकराने राजस्थानच्या हाती ठेवला. विद्याधर भट्टाचार्यांपासून चालत आलेली जयपूरची बोलावण्याची रीत अशी उपयोगी पडली.

वॉर्न ४ मार्च २०२२ रोजी थायलंडमध्ये अकस्मात निवर्तला. त्याच वर्षी ३० एप्रिलला राजस्थानचा मुंबईशी सामना नेरूळच्या त्याच मैदानावर होता, जेथे त्याने १४ वर्षांपूर्वी करंडक उचलला होता. खेळाडूंनी त्या दिवशी कॉलरवर त्याची अक्षरे आणि त्याचा २३ हा अंक धारण केला. त्या मोसमात संघ पुन्हा अंतिम फेरीपर्यंत गेला, पण अहमदाबादेत गुजरातकडून हरला.

आणखी एकच प्रसंग सांगून आपला निरोप घेतो. २८ एप्रिल २०२५ रोजी याच सवाई मानसिंह क्रीडांगणावर बिहारमधील समस्तीपूर जिल्ह्याच्या एका १४ वर्षांच्या मुलाने, वैभव सूर्यवंशीने, गुजरातच्या गोलंदाजांना झोडपून ३५ चेंडूंत शतक पुरे केले. त्या वयात असे शतक पूर्वी कोणी केले नव्हते. मैदानाकडेला संघाचा प्रशिक्षक पायाच्या दुखापतीमुळे चाकांच्या खुर्चीत बसला होता. शतक होताच दुखणे विसरून तो उभा राहिला. तो राहुल द्रविड; इंदूरला मराठी घरात जन्मलेला, बंगळूरला वाढलेला. १७ मे २००८ रोजी जयपूरला खेळावयास आलेल्या बंगळूर संघाचा कर्णधार तोच होता. पाहुणा म्हणून आला, पुढे राजस्थानचा कर्णधार झाला आणि मग प्रशिक्षक.

तेव्हा वाचकहो, जयपूरला जाल तेव्हा हवामहाल अवश्य पाहा, रजई अवश्य घ्या. पण एक संध्याकाळ राखून ठेवा. सांगानेरी दरवाजाजवळ मारुतीचे देऊळ आहे. वार मंगळवार असला तर तेथे आजही गर्दी असेल. दोन मिनिटे थांबून हात जोडा. मग दक्षिणेकडची वाट धरा. सामना असो वा नसो, क्रीडांगणाच्या आसपास कोठेतरी मुले खेळत असतीलच. त्यांच्यातला एखादा हात फिरवून लेगस्पिन टाकण्याचा यत्न करीत असेल. तो कोणत्या गावचा, हे विचारण्याची घाई करू नका. थोडा वेळ त्याची गोलंदाजी पाहा.